लाल कोट आणि ओटावाचा हुकूम

सप्टेंबर १८७७. आजच्या अल्बर्टा प्रांतात बो नदीच्या काठावर, ब्लॅकफूट क्रॉसिंग नावाच्या जागी, हजारो मूळनिवासींचे तंबू पडले होते. ब्रिटनच्या राणीच्या वतीने तह करायला आलेले अधिकारी समोर बसले होते आणि त्यांच्या पाठीशी लाल कोटातले घोडेस्वार पोलिस उभे होते. ब्लॅकफूटांपैकी सिक्सिकांचा प्रमुख क्रोफूट बोलायला उठला आणि त्याने या पोलिसांची मनापासून स्तुती केली. हे लोक आले नसते तर वाईट माणसांनी आणि दारूने आपल्यातले फारच थोडे शिल्लक ठेवले असते, असा त्याच्या बोलण्याचा आशय होता. २२ सप्टेंबरला त्याने ‘सातव्या तहा’ला मान्यता दिली.

पोलिसांना इतके मोठे प्रशस्तिपत्र, तेही ज्यांच्या भूमीत ते परके म्हणून आले त्यांच्याकडून, जगात फार थोड्या दलांना मिळाले असेल. क्रोफूट भोळा नव्हता. तीन वर्षांत जे पाहिले त्यावरच तो बोलत होता. म्हणूनच पुढच्या आठ-दहा वर्षांत जे घडले ते जास्त टोचते. माणसे तीच, कोट तोच, शिस्तही तीच होती. बदलला तो वरून येणारा हुकूम. ‘नॉर्थ-वेस्ट माउंटेड पोलिस’ या दलाचा इतिहास मुळातून वाचावा तो याचसाठी.

या दलाचे आजचे नाव ‘रॉयल कॅनेडियन माउंटेड पोलिस’. लाल कोट, रुंद काठाची टोपी, काळा घोडा हे चित्र पाहिले की कॅनडा आठवतो. त्यांच्या ३२ स्वारांचा संगीतावरचा घोडेस्वारीचा खेळ पाहायला गावेच्या गावे लोटतात. हॉलिवूडने या पोलिसांवर अनेक चित्रपट काढले. या सगळ्यातून एक गोष्ट पक्की झाली : अमेरिकेने आपला पश्चिम भाग बंदुकीने जिंकला, कॅनडाने मात्र कायद्याने वसवला. ही गोष्ट खोटी नाही. ती अर्ध्यावर थांबते, हा तिचा दोष.

सुरुवात जमिनीच्या व्यवहारापासून झाली. हडसन बे कंपनीच्या ताब्यातला अवाढव्य मुलूख कॅनडाने १८७०च्या सुमारास तीन लाख पौंडांना घेतला. त्या मुलखात राहणाऱ्या क्री, ब्लॅकफूट, असिनिबोइन लोकांना कोणी विचारले नाही. फ्रेंच-स्कॉटिश आणि मूळनिवासी अशा मिश्र वंशाच्या मेटी समाजालाही नाही. रेड रिव्हरच्या काठी लुई रिएलच्या नेतृत्वाखाली मेटींनी विरोध उभा केला, तेव्हा ओटावाला जाग आली. इतका मोठा मुलूख सांभाळायचा तर सैन्य परवडणार नव्हते. पंतप्रधान जॉन मॅकडोनल्डच्या मनात घोडेस्वार पोलिसांची कल्पना होती आणि नमुना होता आयर्लंडच्या कॉन्स्टॅब्युलरीचा. त्यात मेटी स्वारही असावेत, असा त्याचा पहिला विचार होता. रिएलच्या उठावानंतर तो मागे पडला. २३ मे १८७३ रोजी कायदा मंजूर झाला.

आयर्लंडचा नमुना म्हणजे काय, हे मराठी वाचकाला परके वाटायला नको. लंडनचा पोलिस निःशस्त्र, शहराच्या वस्तीत मिसळलेला. आयर्लंडचा पोलिस शस्त्रधारी, बराकीत राहणारा आणि थेट सरकारला जबाबदार. चार्ल्स नेपियरने १८४३ मध्ये सिंध जिंकल्यावर तिथे पोलिस उभे केले ते याच आयरिश धर्तीवर, आणि त्यात घोडेस्वार पोलिसांची वेगळी शाखा होती. पुढे सिंध मुंबई इलाख्याला जोडला गेला. गव्हर्नर जॉर्ज क्लार्कने सिंधची ही व्यवस्था पाहिली, त्याला ती पसंत पडली आणि १८५३ मध्ये मुंबई इलाख्यातल्या जिल्ह्यांची पोलिस व्यवस्था तिच्या वळणावर घातली गेली. गावचा पाटील, जागल्या, रामोशी यांच्या जुन्या चौकटीवर जिल्ह्याचा पोलिस सुपरिंटेंडेंट आला. १८६१च्या पोलिस कायद्यानेही हाच सांगाडा उचलला. पुण्या-साताऱ्याचा फौजदार आणि कॅनडाच्या गवताळ रानातला लाल कोटवाला यांचे कूळ असे एकच आहे. दोघांनाही गावाने नेमले नव्हते, आणि गावाला जाब देण्याचे बंधनही दोघांवर नव्हते.

दल उभारायला आणखी वेळ लागला असता, पण १ जून १८७३ रोजी सायप्रस हिल्समध्ये हत्याकांड झाले. अमेरिकेतून आलेल्या, लांडग्यांच्या कातड्यांवर जगणाऱ्या शिकाऱ्यांच्या टोळीने चोरीला गेलेल्या घोड्यांच्या संशयावरून असिनिबोइन लोकांच्या तळावर गोळीबार केला. वीसहून जास्त माणसे मेली. बातमी ओटावाला पोचली आणि भरती सुरू झाली.

८ जुलै १८७४ रोजी डफरिनच्या तळावरून पश्चिमेकडे निघालेली ती स्वारी म्हणजे नियोजनाच्या अभावाचा नमुनाच. पावणेतीनशेच्या आसपास माणसे, तीनशेवर घोडे, गाड्या ओढणारे बैल, खायची गुरे, लाकडी चाकांच्या करकरणाऱ्या गाड्या, दोन तोफा आणि दोन उखळी तोफा. निघण्याआधीच जूनमधल्या एका रात्री वादळ झाले. विजांच्या कडकडाटाने बुजलेले अडीचशे घोडे दोर तोडून उधळले आणि त्यांच्या मागे शिपायांना मैलोन् मैल धावावे लागले. हे घोडे ऑन्टारिओच्या पागांमधले, चंदीवर पोसलेले. प्रेअरीच्या वाळलेल्या गवतावर ते तग धरेनात. एकेक करून पडू लागले. शिपाई डबक्यांतले पाणी प्यायले आणि जुलाबाने हैराण झाले. कमिशनर जॉर्ज फ्रेंचकडे जो नकाशा होता तोही दगा देणारा निघाला. दारूच्या व्यापाऱ्यांचा ‘हूप-अप’ नावाचा किल्ला जिथे असेल म्हणून ते गेले, तिथे काही मोडक्या झोपड्यांपलीकडे काहीच नव्हते.

शेवटी रसद आणायला फ्रेंच आणि त्याचा सहायक जेम्स मॅक्लिऑड यांना सीमा ओलांडून अमेरिकेतल्या फोर्ट बेंटनला जावे लागले. तिथे त्यांना जेरी पॉट्स भेटला. बाप स्कॉटिश, आई काइनाई ब्लॅकफूट. ठेंगणा, मितभाषी, दारूचा शौकीन. पण त्या मुलखातला प्रत्येक ओढा त्याला पाठ. पोलिसांना त्याने हूप-अपला नेले, मग ओल्डमन नदीतल्या एका बेटावर ठाण्यासाठी जागा दाखवली. ब्लॅकफूट लोकांशी बोलायचे कसे, कुणाला आधी भेटायचे, काय बोलायचे नाही, हेही त्यानेच शिकवले. १८९६ मध्ये मरेपर्यंत, बावीस वर्षे तो या दलाचा वाटाड्या होता. तो भेटला नसता तर त्या हिवाळ्यात दलातले कितीजण उरले असते, याची शंकाच आहे. पुतळे आणि गावांची नावे मात्र बहुतेक अधिकाऱ्यांच्या वाट्याला आली.

हूप-अपची गोष्ट तर ऐकण्यासारखी आहे. ९ ऑक्टोबरला मॅक्लिऑडने तोफ रोखली, स्वार सज्ज केले आणि स्वतः पुढे जाऊन दार ठोठावले. दारूवाले केव्हाच पसार झाले होते. आत डेव्ह एकर्स नावाचा म्हातारा होता. त्याने सगळ्यांना जेवायला बोलावले. एकही गोळी न झाडता मोहीम फत्ते झाली.

पुढच्या दोन-तीन वर्षांतले काम खरोखर वाखाणण्यासारखे होते. व्हिस्कीचा व्यापार मोडला. सायप्रस हिल्सच्या खुन्यांना पकडण्यासाठी मॅक्लिऑड थेट मोंटानातल्या हेलेनापर्यंत गेला. तिथल्या सुनावणीत ते सुटले आणि विनिपेगमधल्या खटल्यातही आरोपी निर्दोष ठरले. न्याय मिळाला नाही. पण मूळनिवासींना मारल्याबद्दल गोऱ्या माणसांना धरून आणायला कोणी निघाले, हेच त्या मुलखात नवे होते. क्रोफूटच्या प्रशस्तीमागे हा सगळा हिशेब होता.

सगळ्यात मोठी कसोटी सीमेवर आली. जून १८७६ मध्ये लिटल बिगहॉर्नच्या लढाईत लाकोटा आणि शायेन योद्ध्यांनी कस्टरची तुकडी कापून काढली. अमेरिकी सैन्य मागे लागले आणि मे १८७७ मध्ये सिटिंग बुल आपले लोक घेऊन कॅनडात आला. सगळे मिळून सुमारे पाच हजार लाकोटा सीमेच्या अलीकडे जमले. त्यांच्यासमोर गेला इन्स्पेक्टर जेम्स वॉल्श, बरोबर मूठभर शिपाई घेऊन. इथे राहायचे तर इथला कायदा पाळावा लागेल, सीमेपलीकडे जाऊन हल्ले करता येणार नाहीत, असे त्याने सांगितले. त्याच मुक्कामात एक असिनिबोइन माणूस चोरीचे घोडे घेऊन छावणीत आला. लाकोटा योद्ध्यांच्या देखत वॉल्शने त्याला धरले, घोडे कुठले ते विचारले आणि बेड्यांची भीती घालून घोडे परत घेतले. कुणीही हात उगारला नाही. घोडे चोरणाऱ्याला जो नियम, तोच गोऱ्या व्यापाऱ्याला, हे लाकोटांना दिसले होते.

वॉल्श आणि सिटिंग बुल यांच्यात त्यानंतर खरी मैत्री जमली. ऑक्टोबरमध्ये अमेरिकेचा जनरल टेरी पोलिसांच्या फोर्ट वॉल्श ठाण्यावर येऊन परत चला म्हणाला, तेव्हा सिटिंग बुलने त्याला धुडकावले आणि पोलिसांशी मात्र हात मिळवला. ओटावाला ही मैत्री नको होती. अमेरिकेशी संबंध बिघडायला नकोत, पाच हजार पोटे पोसायची नाहीत, लाकोटांना राखीव जमीन द्यायची नाही, हे धोरण ठरले होते. बायसनचे कळप संपत चालले होते आणि भूक हेच हत्यार हाती आले. १८८० मध्ये वॉल्शची बदली दूर क्वापेलला करण्यात आली. उपासमारीने पिचलेला सिटिंग बुल जुलै १८८१ मध्ये दोनशेहून कमी माणसांसह अमेरिकेतल्या फोर्ट ब्युफर्डला शरण गेला. सिटिंग बुलला दिलेला शब्द वॉल्शने शेवटपर्यंत पाळला. तो मोडायचे ठरले ते ओटावाच्या कचेरीत, आणि अंमल झाला पोलिस ठाण्यांतून.

इथून या इतिहासाचा रंग पालटतो. १८७९ पर्यंत कॅनडाच्या बाजूचे बायसन जवळजवळ नाहीसे झाले. तहांमध्ये दुष्काळात मदतीचे आश्वासन होते. १८७६च्या सहाव्या तहात तर ते स्पष्ट लिहिलेले होते. प्रत्यक्षात शिधा ठरलेल्या राखीव जमिनीवर गेलात तरच मिळेल, असे झाले. फोर्ट वॉल्शभोवती हजारो भुकेली माणसे जमली होती. सहावा तह नाकारत आलेला क्री प्रमुख बिग बेअर याने ८ डिसेंबर १८८२ रोजी याच ठाण्यात सही केली. त्याचे लोक उपाशी होते, हे एकच कारण. पुढच्या वर्षी ठाणे बंद करून टाकले, म्हणजे लोक सीमेपासून दूर उत्तरेला जातील. रेल्वेचा मार्ग आणि वसाहतीची जमीन मोकळी व्हायला हवी होती. जेम्स डॅशक या इतिहासकाराने २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या उपासमारीच्या राजकारणाचा पुराव्यांनिशी उलगडा केला, तेव्हा कॅनडात मोठी खळबळ उडाली.

शिधा वाटणारे आणि राखणारे हात कोणाचे? बहुतेक ठिकाणी लाल कोटवाल्यांचे. काही अधिकाऱ्यांनी कमी शिध्याबद्दल वर लिहून कळवले. आपल्या वाट्यातले देणारेही होते. त्यांच्या माणुसकीबद्दल शंका घ्यायचे कारण नाही. पण कोठाराची किल्ली हुकमावर फिरत होती.

मार्च १८८५ मध्ये डक लेकला ठिणगी पडली. रिएलच्या बाजूने उठलेल्या मेटींशी झालेल्या चकमकीत पोलिस आणि स्वयंसेवकांतले बारा जण मेले. फ्रॉग लेकला संतापलेल्या क्री योद्ध्यांनी नऊ जणांना मारले. नव्या रेल्वेने पूर्वेकडून सैन्य आले, मे महिन्यात मेटींचे ठाणे बटॉश पडले. १६ नोव्हेंबरला रिएलला रेजायनात, पोलिसांच्याच आवारात, फाशी दिली. २७ नोव्हेंबरला बॅटलफोर्डच्या पोलिस ठाण्यात आठ मूळनिवासींना एकाच वेळी फासावर चढवले. राखीव जमिनींवरच्या लोकांना ते पाहता यावे, अशी व्यवस्था केली होती. त्या आठ जणांची कबर नंतर विसरली गेली. ती पुन्हा सापडली १९७२ मध्ये.

पाउंडमेकर नावाचा क्री प्रमुख या सगळ्यात भरडला गेला. तो क्रोफूटचा मानलेला मुलगा. कट नाइफच्या टेकडीवर २ मे रोजी सैन्याने त्याच्या तळावर पहाटे हल्ला केला, तो फसला आणि सैनिक माघारी पळू लागले. पाउंडमेकरने आपल्या योद्ध्यांना पाठलाग करू दिला नाही. नाहीतर त्या सैनिकांची धडगत नव्हती. त्याला राजद्रोहाबद्दल तीन वर्षांची शिक्षा झाली. तुरुंगात तब्येत खंगल्यावर सोडले आणि ४ जुलै १८८६ रोजी, क्रोफूटला भेटायला गेला असताना, ब्लॅकफूट क्रॉसिंगलाच तो मरण पावला. कॅनडाच्या पंतप्रधानांनी त्याला निर्दोष ठरवून माफी मागितली ती २३ मे २०१९ रोजी.

उठावानंतर राखीव जमिनीबाहेर पडायला अधिकाऱ्याची चिठ्ठी लागू लागली. या चिठ्ठीपद्धतीला कोणत्याही कायद्याचा आधार नव्हता. हे पोलिसांना ठाऊक होते आणि १८९०च्या दशकात वरिष्ठांनी ते बोलूनही दाखवले. तरी माणसे परत हाकलण्याचे काम झालेच आणि पद्धत पुढच्या शतकातही चालू राहिली. क्लोंडाइकच्या सोन्याच्या धावपळीत दलाचा अधिकारी सॅम स्टील आणि त्याच्या माणसांनी जी शिस्त राखली तिचे गोडवे आजही गायले जातात, आणि ते योग्यच आहे. त्याच काळात, १८९७ मध्ये, ऑलमायटी व्हॉइस या तरुणाला संपवण्यासाठी झाडीवर तोफा डागल्या गेल्या. त्याने पोलिस सार्जंटचा खून केला होता हे खरे. पण सगळ्याची सुरुवात एक गाय मारल्याच्या अटकेपासून झाली होती.

१९१९ मध्ये विनिपेगच्या सार्वत्रिक संपात हेच घोडे कामगारांच्या गर्दीवर घातले गेले आणि गोळीबारात दोघांचा जीव गेला. पुढच्या वर्षी दलाचे नाव बदलून आजचे झाले. त्याच वर्षी कायद्यात बदल करून मूळनिवासी मुलांना निवासी शाळांत पाठवणे सक्तीचे करण्यात आले. आईबापांकडून मुले आणायला आणि पळून गेलेल्यांना शोधून परत न्यायला पोलिस जात. दीड लाखांहून जास्त मुले या शाळांतून गेली. भाषा बोलली म्हणून मार, उपासमार, लैंगिक अत्याचार, निनावी कबरी हे सगळे सत्यशोधन आयोगाच्या २०१५च्या अहवालात नोंदलेले आहे. ‘लाल कोटवाला दारात आला’ ही आठवण कॅनडातल्या हजारो घरांत आहे. पर्यटक पाहतात त्या खेळाच्या टाळ्यांत ती ऐकू येत नाही. २००४ मध्ये कमिशनर झाकार्देली यांनी दलाच्या वतीने माफी मागितली, ती याच कामाबद्दल.

कोणी म्हणेल, सैन्य पाठवले असते तर काय झाले असते? रक्तपात झाला असता, यात शंका नाही. अमेरिकेच्या बाजूला तो झाला. पोलिस हा त्यातल्या त्यात चांगला पर्याय होता आणि क्रोफूटनेही तो ओळखला होता. पण या उत्तरावर समाधान मानता येत नाही. उपाशी माणसाच्या लेखी घोडेस्वाराने गोळी झाडली नाही एवढ्याने हिशेब चुकता होत नाही. त्या मुलखात पोलिस कुणाला विचारून आले, कुणाच्या सांगण्यावरून शिधा अडवला, चिठ्ठी मागितली, मूल उचलले, आणि त्याविरुद्ध दाद मागायला जागा कुठे होती? मॅक्लिऑड आणि वॉल्शसारखे अधिकारी होते तोवर हे प्रश्न झाकले गेले. त्यांची बदली झाली, ते निवृत्त झाले आणि मग लोकांच्या हाती काहीच उरले नाही. चांगला अधिकारी ही मेहेरबानी होती, हक्क नव्हता.

कॅनडाच्या या दलावरच्या तक्रारी ऐकायला दलाबाहेरचा आयोग आला १९८८ मध्ये, म्हणजे स्थापनेला ११५ वर्षे झाल्यावर. त्यालाही केवळ शिफारशी करण्याचा अधिकार मिळाला. मानायच्या की नाही ते कमिशनरच्या हाती राहिले.

आणि आयर्लंड-सिंधच्या त्याच वंशातली आपली व्यवस्था? सर्वोच्च न्यायालयाने प्रकाश सिंह खटल्यात २००६ मध्ये प्रत्येक राज्याला पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी स्वतंत्र प्राधिकरण नेमायला सांगितले. महाराष्ट्राने २०१४ मध्ये पोलिस कायद्यात दुरुस्ती करून ते आणले. गावातला फौजदार भला आहे की नाही यावर आपण चहाच्या टपरीवर तास घालवतो. हे प्राधिकरण कुठे बसते, अर्ज कसा करायचा, हे मात्र दहांतल्या एकालाही सांगता येणार नाही. शासनाने त्याची माहिती प्रत्येक ठाण्याच्या दारात मराठीत, ठळक अक्षरांत लावावी, आणि ती लावलेली नसेल तिथे वाचकांनी ठाणेदाराला लेखी विचारावे.